कुंदाताईंचा डावा कान

कुंदाताई परब यांच्याशी सलग तीन मिनिटांहून जास्त बोलणे कुणालाही जमत नसे. समोरचा माणूस रंगात आला की त्या हात वर करत आणि विचारत, "तीन मिनिटं झाली. वाढवू?" कारण पटले तर पुढची तीन मिनिटे मिळत. नाही पटले तर त्या उठून जात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. परगावचा तो कॉल तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने चाले आणि वेळ भरली की जोडणारीने हेच विचारायचे असे. ट्रंक कॉल गेले, ते बोर्ड गेले, कुंदाताई निवृत्त झाल्या, पण प्रश्न राहिला. विक्रोळी पूर्वेला आमची इमारत होती. तिथल्या सोसायटीच्या सभेत अध्यक्षांनाही तो विचारला जाई. पुनर्विकासाची योजना समजावून सांगायला आलेल्या बिल्डरच्या माणसाला त्यांनी पहिल्याच आकड्यावर खाली बसवले होते. सभेचे इतिवृत्त मी लिहीत असे, म्हणून हे खात्रीने सांगता येते.

त्यांनी लग्न केले नाही. का केले नाही, हे विचारणाऱ्याला तीन मिनिटेही मिळत नसत.

उंची बेताची, पाठ ताठ, केसांचा घट्ट अंबाडा, कानांत मोत्यांच्या कुड्या. पैकी डाव्या कानातली कुडी दिवसातून कितीदा तरी निघायची. एक्स्चेंजमध्ये हेडफोन डाव्या कानावर बसायचा आणि कुडी टोचायची, म्हणून कामाला बसताना ती काढून चष्म्याच्या डबीत ठेवायची सवय लागली होती. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. कुंदाताईंनी कुडी काढली म्हणजे आता त्या खरोखर ऐकणार, हे इमारतीत सर्वांना ठाऊक होते. कुडी कानात असताना त्यांना काही सांगण्यात अर्थ नव्हता.

आपल्या कानाचा त्यांना गर्व होता आणि तो त्या लपवत नसत. "विक्रोळीपासून ठाण्यापर्यंत असा कान दाखव," असे त्या कुणालाही सुनवत. माणसांना त्या आवाजावरून निकालात काढत. तळमजल्यावरच्या डॉक्टरांचा आवाज औषधाच्या बाटलीत बोलल्यासारखा होता. अध्यक्षांचा आवाज पावतीपुस्तकासारखा होता. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. माझ्याविषयी त्यांचे मत असे: "तुझं पहिल्या वाक्यातच संपतं. पुढचं कोण ऐकेल?"

एकदा त्या माझ्या घरी बसल्या असताना त्यांना फसवणुकीचा फोन आला. बँकेतून बोलतोय, तुमचे खाते बंद होणार, वगैरे. त्यांनी शांतपणे कुडी काढली आणि फोन डाव्या कानाला लावला.

"बाळा, तू नवीन दिसतोस," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाजूला बसलाय ना, तो तुझ्यापेक्षा बरा बोलतो. त्याला दे."

पलीकडून काहीतरी उत्तर आले.

"बँकेत कसला आहेस? पत्र्याखाली बसलायस. पंख्याला तेल घाला तुमच्या, मघापासून किरकिरतोय. हं, बोल. नाही, नंबर नाही सांगणार. तू बोल."

तो बोलत राहिला. कुंदाताई ऐकत राहिल्या. मग त्यांनी सवयीने विचारले, "तीन मिनिटं झाली. वाढवू?" फोन बंद झाला. त्यांना वाईट वाटले. "आवाज चांगला होता रे पोराचा. वाया घालवतोय."

फोन बंद झाल्यावर त्या जे म्हणाल्या, ते पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या म्हणाल्या, "खरखर होती म्हणून एवढं कळलं. लाईनीवर खरखर असली म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे. अगदी शांत लाईन म्हणजे मेलेली लाईन."

त्यांचे वडील, आबा परब, हे भजनी बुवा होते. मूळ गाव मालवणकडचे, नोकरी गिरणीत, आणि नाव डबल बारीत. डबल बारी म्हणजे समोरासमोर बसलेल्या दोन भजनी मंडळांचा सामना. एकाने गायचे, टोमणे मारायचे, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचे. शेवटी गजर असतो. देवाच्या नामाचा घोष, पेटी, पखवाज आणि झांजेच्या साथीने चढत चढत जाणारा. अशा बाऱ्यांत निकाल सहसा जाहीर होत नाही. लोक घरी जाताना कुणाचा गजर गुणगुणतात, त्यावरून जो तो समजून घेतो.

आबांच्या पश्चात मंडळ काही वर्षे थंडावले होते. ते पुन्हा उभे केले मंगेशने. मंगेश हा कुंदाताईंचा भाचा, भावाचा मुलगा. अंधेरीला विमा कंपनीत नोकरी, आणि रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या बालवाडीत मंडळाचा सराव. मुलुंडच्या एका जोरदार मंडळाशी त्याची बारी ठरली होती आणि त्याला तिथे आबांचा एक गजर म्हणायचा होता. तो गजर कुठे लिहिलेला नव्हता. भांडुपच्या मैदानात फार पूर्वी झालेल्या एका बारीची कॅसेट होती, तिच्यात तो होता. मंगेशने ती एका स्टुडिओत देऊन फोनवर वाजेल अशी प्रत करून घेतली होती. देताना त्याने बजावले होते, खरखर सगळी काढून टाका, आबांचा आवाज स्वच्छ यायला हवा.

आवाज स्वच्छ आला, पण गजर जमेना. मधल्या एका जागी टेपवरचा पखवाज अचानक उसळी घेई आणि गजर वर निघून जाई. मंगेशच्या मंडळाचा पखवाजवाला नितीन तिथे नुसता धावे आणि बाकीचे मागे पडत. पुन्हा पुन्हा तेच होत होते.

"इथं झांज पाहिजे," एका रविवारी दारातून कुंदाताई म्हणाल्या.

"आहे की झांज, आत्या," मंगेश म्हणाला. "हा काय वाजवतोय."

"अशी नाही. उलटी. पखवाजाच्या दोन थापांच्या मधे. आबांच्या टेपवर आहे तशी."

"टेपवर झांज नाहीये."

"आहे."

"आत्या, मी शंभरदा ऐकलीय. आणि त्या बारीला शांतारामकाका आलेच नव्हते. विचार त्यांना."

शांताराम घाडी हे आबांच्या काळातले झांजवाले. आता झांज धरवत नव्हती, पण सरावाला खुर्ची टाकून बसत. ते म्हणाले, "मी खंय होतंय? तापान घरात पडलंलंय."

"ठाऊक आहे," कुंदाताई म्हणाल्या. "म्हणून मी वाजवली."

बालवाडीत हशा पिकला. कुंदाताई हसणे संपेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी सांगितले. त्या तेव्हा एक्स्चेंजमध्ये नुकत्याच लागल्या होत्या. बारीला बायकांच्या बाजूला, पेटीच्या बरोबर मागे बसल्या होत्या. शांतारामची झांज तिथेच पडून होती. गजर चढेना. त्यांनी झांज उचलली.

"आणि आबा काही बोलले नाहीत?" मंगेशने विचारले. "बाई वाजवतेय म्हणून?"

"मागं वळून बघितलं नाही त्यांनी. पसंत नसतं तर बघितलं असतं."

"ऐकूच आली नसेल आत्या," नितीन म्हणाला.

तो सहज बोलला. त्यात दुष्टपणा नव्हता. पण कुंदाताई एकदम गप्प झाल्या, आणि त्यांना असे गप्प झालेले मी आधी पाहिले नव्हते. त्या दिवसाविषयी बापलेकीत पुढे कधीच बोलणे झाले नाही. आबांनी मागे वळून पाहिले नाही, एवढाच त्यांच्याकडे पुरावा होता आणि त्याचा अर्थ त्यांनी आयुष्यभर एकच लावला होता. नितीनने चार शब्दांत त्याचा दुसरा अर्थ लावून दाखवला होता.

"टेपवर ऐकवली तर बारीला बसवशील मला?" त्यांनी मंगेशला विचारले. "गजराला. झांजेवर."

मंगेशने सगळ्यांकडे पाहिले. "ऐकव. बसवीन."

त्यांनी आधी मंगेशने वाढदिवसाला दिलेले बिनवायरचे इयरफोन लावून पाहिले. दोन दिवस ऐकून निर्णय दिला, "ह्यात सगळेच गुळगुळीत बोलतात. अध्यक्षसुद्धा गोड वाटेल." दोष यंत्राचा आहे, चांगल्या यंत्रावर झांज ऐकू येईल, असे त्यांनी ठरवून टाकले. मग माझ्याकडे आल्या. "पेपरवाल्या, तुमच्या पुरवणीत यंत्रांचं छापून येतं ना? खिशात मावेल आणि खरं बोलेल असं कुठलं?"

मला ठाऊक नव्हते. पण निवडण्याआधी ऐकून पाहू देणारे एक दुकान अंधेरीला आहे, हे आमच्या पुरवणीत आले होते. आम्ही तिथे गेलो. गालिचा, गार हवा, काचेच्या कपाटात पत्त्यांच्या जोडाएवढे प्लेअर. काउंटरवरचा तरुण नम्र होता.

"मॅडम, कुठलं म्युझिक ऐकता?"

"भजन. एकच."

"बेस कसा हवा तुम्हाला? पंची की वॉर्म?"

"बेस नको. झांज पाहिजे."

त्यांनी कुडी काढून डबीत ठेवली, गजर भरून आणलेले मेमरी कार्ड त्याच्या हाती दिले आणि इयरफोनचे एकच टोक डाव्या कानात घातले. दुसरे गळ्यात लोंबकळत राहिले.

"मॅडम, दोन्ही घाला ना. स्टिरिओ इमेज मिळेल."

"एक पुरे. दुसऱ्यानं तुझ्यावर लक्ष ठेवते."

पहिला प्लेअर त्यांनी लगेच परत केला. त्यात आबा लग्नाच्या हॉलमध्ये गायल्यासारखे वाटत होते. दुसऱ्याविषयी म्हणाल्या, "हा सगळ्यांचंच चांगलं सांगतो. असल्याला चौकशीला पाठवू नये." तिसरा राखाडी रंगाचा, चपटा, दिसायला साधा होता. तो त्यांनी बराच वेळ ऐकला. एकच जागा मागे घेऊन पुन्हा पुन्हा ऐकली.

"हाच आवडतो सगळ्यांना," तो तरुण म्हणाला. "एकदम ट्रान्सपरंट आहे."

"इथं लाईन मेलीय," कुंदाताई म्हणाल्या.

"काय, मॅडम?"

"गजराच्या आधी बारीक खरखर आहे. गजर चढायला लागला की ती नाही. पेटीसुद्धा गोधडीत गुंडाळल्यासारखी येतेय. मधे काय झालं? तू ऐक."

त्याने इयरफोन दोन्ही कानांत घातले आणि ऐकले. मग हसला. "ही फाइल धुतलीय. नॉइज काढायचं सॉफ्टवेअर असतं, त्याला वरचा सगळा आवाज कचरा वाटतो. टाळ, झांज असलं काही असेल ना, तर खरखर समजून तेही उडवतं."

"म्हणजे माझी झांज कचऱ्यात गेली."

"कितीही भारी प्लेअर घेतलात तरी ती परत नाही येणार. ओरिजिनल पाहिजे. साधा प्लेअर असता तर हेही कळलं नसतं तुम्हाला. ह्यानं निदान भोक दाखवलं."

कुंदाताईंनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले. "तीन मिनिटांच्या आत सांगितलंस. आमच्या मंगेशला सहा महिन्यांत कळलं नाही. हा राखाडी ठेव बाजूला. मी येणार आहे."

मूळ कॅसेट मंगेशच्या आईकडे, देवघराच्या खणात होती. आबांचा तेवढाच एक आवाज उरलेला असल्याने ती कुणी वाजवत नसे, तुटेल म्हणून. दसऱ्याला पेटी आणि पखवाजाबरोबर तिचीही पूजा होई. हळद, कुंकू, झेंडूचे फूल. ती घेऊन आम्ही घाटकोपरला जयंतीभाईंकडे गेलो. जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे तेवढेच एक दुकान आमच्या माहितीचे उरले होते. जयंतीभाई गुजराती वळणाचे मराठी बोलत आणि कामापेक्षा तक्रार जास्त करत.

त्यांनी कॅसेट उघडली आणि कुरकुर थांबवली. "बेन, हे आत लाल काय आहे?"

"कुंकू."

"टेपला कुंकू लावला?"

"आमचे वडील आहेत त्यात."

जयंतीभाईंनी ब्रशने एकेक कण काढला, फीत नव्या खोक्यात बसवली आणि खणातून खिशात न्यायचे कॅसेट प्लेअर काढून समोर मांडले. एक नवाकोरा चकचकीत होता, बाकीचे जुने.

कुंदाताईंनी कुडी काढली. प्रत्येक प्लेअरवर त्या टेपची सुरुवात ऐकत. भजन सुरू होण्याआधीचा नुसता रिकामा तुकडा.

"खाली टेप काय ऐकता?" जयंतीभाई वैतागले. "गाना पुढे आहे, बेन."

"लाईन बघतेय. गाणं सगळीच वाजवतील. रिकामं कोण नीट वाजवतो, ते बघायचं."

नव्या प्लेअरवर भजन आले तेव्हा आबा थंडीत कुडकुडत असल्यासारखा सूर हलत होता. एकात मोटारीचीच घुंई जास्त होती. शेवटचा जड, धातूच्या अंगाचा, एका कोपऱ्यात चेपलेला होता. त्याच्यावर खरखर उठली ती वाळू चाळल्यासारखी बारीक आणि एकसारखी. कुंदाताई म्हणाल्या, "हा."

"हा दिसायला चांगला नाय."

"मला त्याला जावई करायचं नाही."

टेप पुढे नेली. आबांचा आवाज आला, पेटी आली, पखवाज आला. गजर सुरू झाला. कुंदाताई ऐकत होत्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी प्लेअर बंद केला. झांज नव्हती.

"काय झाला?" जयंतीभाईंनी इयरफोन आपल्या कानाला लावला, थोडे ऐकले आणि मान हलवली. "ज्यांनी भरला ना, त्याच्या मशीनचा हेड, टेप वाचतो ना तो, वाकडा होता. आपला सीधा आहे. वाकड्याला सीधा लावला तर वरचा आवाज मरतो. आता आपण पण थोडा वाकडा व्हायचा." त्यांनी बारीक पेचकस घेतला, प्लेअरच्या झाकणाखालचा एक स्क्रू शोधला आणि इयरफोन पुन्हा कुंदाताईंच्या हाती दिला. "तुम्ही बोला. मी फिरवतो."

टेप चालू झाली. पेचकस केसभर सरकत होता. कुंदाताईंनी सभेत करत तसा हात वर केला.

"थांब."

जयंतीभाईंचा हात पुढे गेला होता.

"थांब म्हटलं ना. मागं ये. अजून. हां. आता हात काढ."

त्यांनी डोळे मिटले नाहीत, समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी इयरफोन काढून माझ्याकडे दिला. मला संगीतातले कळत नाही. जे ऐकू आले ते सांगतो. तेल तापल्यासारखी खरखर, तिच्या पलीकडे माणसांचा घोष, आणि पखवाजाच्या दर दोन थापांच्या मधे पितळेचा एक पातळ, हट्टी ठोका. एकदा कळल्यावर तो ऐकू न येणे शक्य नव्हते.

त्यांनी इयरफोन परत घेतला आणि गजर शेवटपर्यंत ऐकला. शेवटी काय ऐकले ते आम्हा दोघांनाही सांगितले नाही. कुडी घालायला मात्र विसरल्या. स्टेशनजवळ आल्यावर मी आठवण केली, तर "राहू दे" म्हणाल्या.

रविवारी बालवाडीत त्यांनी तो चेपलेला प्लेअर पेटीवर ठेवला आणि जयंतीभाईंनी दिलेली वायर स्पीकरला जोडून घेतली. प्रस्तावना केली नाही. बटण दाबले.

गजर चढायच्या जागी आला. झांज सुरू झाली. शांतारामकाका खुर्चीत पुढे वाकले.

"ह्यो हात माजो नाय," ते म्हणाले. "मी थापेर वाजवतंय. ह्यो मधी वाजवता."

"तुमका आयकाक येता मां नीट?" कुंदाताईंनी विचारले.

"नीट येता. पोरगी वाजवता ती. घाई आसा तिका."

नितीन मांडीवर बोटांनी ठेका धरून बसला होता. तो म्हणाला, "हा पखवाजवाला स्वतः पळतच नाहीये. झांज त्याला पुढं ढकलतेय. मी उगाच जीव काढत होतो."

मंगेशची मान खाली होती. "खरखर काढायला मीच सांगितलं होतं, आत्या."

"माहिती आहे. आबांसाठीच सांगितलंस ना. गप्प बस, अजून संपलं नाही."

टेपवर गजर शिगेला पोचला होता. पखवाजाने समाप्तीची तिहाई वाजवली. पेटी थांबायच्या बेतात आली. झांज थांबली नाही. ती एकटीच, त्याच लयीत, पुढे चालू राहिली. आता ही चूक उघडी पडणार असे वाटले तेवढ्यात आबांनी श्वास घेतला, आणि संपलेला गजर पुन्हा पहिल्यापासून, वरच्या पट्टीत उचलला. मागे सगळे मंडळ उठले.

कुंदाताईंनी प्लेअर बंद केला.

"आबांनी वाढवलं," त्या म्हणाल्या. "ऐकू आल्याशिवाय कोण वाढवतो?"

हा प्रश्न नितीनला होता. त्याने कान पकडले. झांजेवर बसणाऱ्या तरुणाने आपली जोडी पुसून कुंदाताईंच्या पुढे ठेवली आणि तो मागे कोरसमध्ये जाऊन बसला. मंगेश म्हणाला, "आत्या, पुढच्या रविवारपासून वेळेवर यायचं. हात बसलाय का बघायला लागेल."

"माझा हात दर गणपतीला आरतीत बघतोस. तू तुझी पेटी सांभाळ."

त्याच आठवड्यात त्या अंधेरीला जाऊन तो राखाडी प्लेअर घेऊन आल्या. कॅसेटची नवी प्रत त्यात भरून घेतली, खरखरीसकट. भाजी आणायला जातानाही तो कंबरेला असे आणि इयरफोनचे एक टोक डाव्या कानात. कुणी विचारले, काय ऐकता, तर म्हणत, "मला."

बारी मुलुंडच्या एका सभागृहात, सुट्टीच्या दिवशी दुपारी झाली. बालवाडीतला सराव मी दारातून पाहत असे. तिथे मात्र कडेच्या खुर्चीत बसलो. मुलुंडच्या मंडळाने पहिली फेरी गाजवली. त्यांचे बुवा पल्लेदार आवाजाचे आणि तिखट जिभेचे होते. गाणे संपवून त्यांनी समोर पाहिले आणि टोमणा टाकला, "परब मंडळात माणसं कमी पडली वाटतं. आत्याबाईंना घरून उठवून आणलंय."

सभागृह हसले. मंगेशने पेटीवरचा हात उचलला नाही.

"माणसं भरपूर होती, बुवा," तो म्हणाला. "झांज वाजवणारं कुणी नव्हतं."

आता दुप्पट हशा झाला आणि मुलुंडचे बुवाही हसले.

त्यानंतर काही आठवड्यांतच आमची इमारत पाडायला रिकामी झाली. कुंदाताई मंगेशबरोबर ऐरोलीला गेल्या, मी दुसरीकडे. फोनवर बोलणे होते, अर्थात मोजून. पण त्यांना मंडळात पाहिले ते त्या दुपारी शेवटचे. पेटीच्या मागे नव्हे, पेटीच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशा जागी, ताठ पाठीने बसलेल्या. मंगेशने आबांच्या गजराला सुरुवात केली तेव्हा त्यांनी डाव्या कानातली कुडी काढली, चष्म्याच्या डबीत ठेवली, डबी पदराखाली सरकवली आणि झांज उचलली.

त्या जागी गजर आला. झांज दोन थापांच्या मधे शिरली. नितीन धावला नाही, झांजेने त्याला नेले. मागची माणसे मांड्यांवर ताल धरू लागली, मग टाळ्यांवर आली. मुलुंडच्या मंडळातला झांजवाला नकळत आपल्या झांजेकडे हात नेत होता, आणि त्यांचे बुवा डोळे मिटून मान डोलावत होते. गजर शिगेला गेला, पखवाजाची तिहाई पडली. मंगेशने ठरल्याप्रमाणे समाप्तीचा सूर धरला. सरावात इथेच थांबायचे ठरले होते, वेळ पाळायची म्हणून.

झांज थांबली नाही. झांजेसमोर माईक होता. त्यातून कुंदाताईंचा आवाज सबंध सभागृहाला ऐकू आला.

"तीन मिनिटं झाली. वाढवू?"

लोक उभे राहिले. मंगेशने मागे वळून पाहिले नाही. त्याने श्वास घेतला आणि गजर पुन्हा पहिल्यापासून, वरच्या पट्टीत उचलला.